ऑफिसच्या लॅनमधील वेगमर्यादा: मायक्रोटिकच्या सीआरएस३२६ स्विचचे परीक्षण

कार्यालयाच्या नेटवर्कवर वेगमर्यादा घालण्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी चर्चा इंटरनेटच्या जोडणीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणाच्या संगणकावर व्हिडिओ चालतात, कोणाचा मोबाइल दिवसभर अपडेट उतरवत बसतो, याचा शोध घेतला जातो आणि राउटरवर प्रत्येकाला ठरावीक वेग नेमून दिला जातो. परंतु ज्या कार्यालयात मोठ्या फायली सर्व्हरवरून उघडून पुन्हा सर्व्हरवरच जपल्या जातात, तिथे खरी कोंडी इंटरनेटवर होत नाही, ती आतल्या वाहतुकीची असते. वास्तुविशारदांचे कार्यालय, छपाईपूर्व कामाची जागा, व्हिडिओ संकलनाचा स्टुडिओ, किंवा हिशेबाचा सारा डेटा एकाच सर्व्हरवर असलेली सनदी लेखापालांची पेढी, यांतील कोणत्याही ठिकाणी दुपारी बॅकअप सुरू झाला की इतरांच्या फायली उघडायला वेळ लागू लागतो, आणि दोष मात्र ‘नेट स्लो आहे’ म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्याच्या माथी जातो.

पुण्यातील एका वास्तुविशारद कार्यालयाच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील याच अडचणीसाठी मायक्रोटिक कंपनीचा सीआरएस३२६-२४जी-२एस+ हा २४ पोर्टचा स्विच बसवला आणि तो रोजच्या कामात वापरून पाहिला. हे परीक्षण त्या स्विचच्या सर्व गुणांचे नाही. आतल्या वाहतुकीला उपकरणनिहाय मर्यादा घालण्याचे काम तो किती नीट करतो, एवढ्याच प्रश्नाचे ते आहे.

आधी हे स्पष्ट असायला हवे की राउटरवर घातलेली मर्यादा आतल्या वाहतुकीला लागूच होत नाही. एकाच नेटवर्कमधील दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांची पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) मॅक पत्त्याच्या, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या, आधारे स्विचमधल्या स्विचमध्ये एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टवर जातात आणि राउटरपर्यंत पोहोचतच नाहीत. राउटरवर एखाद्या संगणकाला १० एमबीपीएसची (सेकंदाला १० दशलक्ष बिट) मर्यादा असली, तरी तोच संगणक शेजारच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर, पूर्ण गिगाबिट वेगाने फायली ओतू शकतो. त्यामुळे मर्यादा घालायची असेल, तर ती जिथून वाहतूक प्रत्यक्ष जाते तिथे, म्हणजे स्विचच्या पोर्टवर, घालावी लागते. साधे, व्यवस्थापनाची सोय नसलेले स्विच या कामाला निरुपयोगी ठरतात ते यामुळेच.

मायक्रोटिक ही लॅटव्हियाची राजधानी रिगा येथील कंपनी १९९६ साली स्थापन झाली. तिची राउटरओएस ही प्रणाली १९९७ पासूनची आहे, आणि स्वतःचे हार्डवेअर ती २००२ पासून बनवते. या स्विचमध्ये २४ गिगाबिट पोर्ट आणि १० गिगाबिटचे दोन एसएफपी+ पोर्ट आहेत. त्याच्या पोटात मार्व्हेल कंपनीची ९८डीएक्स३२३६ ही स्विचिंग चिप, ८०० मेगाहर्ट्झचा एकच गाभा असलेला प्रोसेसर आणि ५१२ एमबी मेमरी आहे. त्याला पंखा नाही, त्यामुळे स्वतंत्र सर्व्हर खोली नसलेल्या, कोपऱ्यातल्या कपाटात रॅक बसवलेल्या कार्यालयात तो अजिबात आवाज करत नाही, ही सोय मला फार मोलाची वाटते. राउटरओएसचा परवाना स्विचसोबतच येतो. पुढे एखादे वैशिष्ट्य वापरण्यासाठी वार्षिक वर्गणी भरावी लागत नाही, आणि मोठ्या नावाच्या कंपन्यांच्या तशाच स्विचच्या तुलनेत किंमतही बरीच कमी आहे.

मर्यादा घालण्याची मुख्य जागा शोधायला वेळ लागत नाही. विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्विच’ विभागात ‘पोर्ट’चे पान उघडले की प्रत्येक पोर्टसमोर ‘इन्ग्रेस रेट’ आणि ‘इग्रेस रेट’ अशा दोन किमती भरता येतात. दिशा मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण हे शब्द संगणकाच्या नव्हे, स्विचच्या दृष्टीने लिहिलेले आहेत. संगणकाने पाठवलेला डेटा पोर्टमधून स्विचच्या आत येतो, म्हणून संगणकाच्या अपलोडची मर्यादा इन्ग्रेसमध्ये भरायची, आणि संगणकाकडे जाणारा डेटा पोर्टमधून बाहेर पडतो, म्हणून त्याच्या डाउनलोडची मर्यादा इग्रेसमध्ये. ही मर्यादा चिपच पाळते, प्रोसेसरला त्यात काम पडत नाही. त्यामुळे चोवीसही पोर्टवर मर्यादा लावल्या तरी स्विचचा एकूण वेग तसूभरही कमी होत नाही. ज्या कामासाठी तो घेतला, त्या कामातला त्याचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

या दोन दिशांची मर्यादा मात्र एकाच पद्धतीने पाळली जात नाही, आणि हा फरक कंपनीने आपल्या माहितीपत्रात स्वच्छपणे लिहिलेला असूनही अनेक जण तो वाचत नाहीत. बाहेर जाणाऱ्या वाहतुकीसाठी चिप शेपर वापरते: मर्यादेपेक्षा जास्त आलेली पाकिटे ती आधी रांगेत थांबवते, रांग भरली तरच टाकून देते. आत येणाऱ्या वाहतुकीसाठी मात्र पोलिसर आहे, आणि त्याला रांग ठाऊकच नाही. मर्यादेवरचे प्रत्येक पाकीट तो तिथल्या तिथे टाकून देतो. टीसीपी ही डेटा पाठवण्याची रूढ पद्धत पाकीट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजून वेग एकदम कमी करते आणि मग हळूहळू वाढवते, त्यामुळे पोलिसरखाली चाललेल्या कॉपीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होत राहतो आणि सरासरी वेग ठरवलेल्या मर्यादेच्या खालीच राहतो. इग्रेसवर तीच किंमत भरली की आलेख जवळजवळ सपाट येतो आणि ठरवलेला वेग बहुतांशी पुरता मिळतो. कागदावर दोन्ही रकाने सारखे दिसतात, पण वापरणाऱ्याच्या अनुभवात त्यांच्यात मोठे अंतर आहे.

अडचण अशी की कार्यालयात सर्वाधिक त्रास देणारी वाहतूक बहुधा अपलोडची असते. सगळ्यांच्या मशीनचा बॅकअप, रेंडर झालेल्या फायली सर्व्हरवर ठेवणे, फाइल सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप दुसऱ्या नॅसवर जाणे, हे सारे पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर पोलिसरच्याच वाट्याला येते. यावर मला जो उपाय सर्वांत चांगला वाटला, तो म्हणजे मर्यादा पाठवणाऱ्याच्या पोर्टवर न लावता घेणाऱ्याच्या पोर्टवर लावणे. बॅकअपचा नॅस ज्या पोर्टला जोडलेला आहे त्या पोर्टचा इग्रेस दर ४०० एमबीपीएस ठेवला, की त्या नॅसकडे जाणारी सगळी वाहतूक मिळून तेवढ्याच वेगाने जाते. ती शेपरमधून जाते म्हणून सुरळीत जाते, आणि फाइल सर्व्हरच्या गिगाबिट जोडणीतील उरलेला ६०० एमबीपीएस इतरांच्या कामासाठी मोकळा राहतो. बॅकअपचा नॅस बॅकअपखेरीज दुसरे काही घेत नसल्यामुळे त्या पोर्टवरच्या मर्यादेचा कोणालाच त्रास होत नाही. आमच्या कार्यालयात दुपारच्या बॅकअपच्या वेळी रेखाटने उघडायला लागणारा वेळ इतर वेळेइतकाच होण्यास एवढा एक बदल पुरेसा ठरला, आणि वीसेक संगणकांच्या पोर्टना हातही लावावा लागला नाही.

हाच विचार रेंडरिंगच्या मशीनला उलट दिशेने लागू पडतो. ते मशीन सर्व्हरवरून पोत आणि प्रतिमांच्या प्रचंड फायली वाचते. सर्व्हरवरून मशीनकडे जाणारी ही वाहतूक मशीनच्या पोर्टवर इग्रेसच असल्याने तिथे थेट शेपर लावता येतो. गिगाबिटवर टीसीपीचा प्रत्यक्ष वेग जास्तीत जास्त ९४० एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ मेगाबाइट मिळतो, तेव्हा ४० जीबीचा संच वाचायला सहा मिनिटांहून थोडा कमी वेळ लागतो. पोर्टवर ३०० एमबीपीएसची मर्यादा लावली की त्याच कामाला एकोणीस मिनिटांच्या आसपास वेळ जातो. ज्या रेंडरला पुढे कित्येक तास लागणार आहेत त्यात या तेरा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण त्या सहा मिनिटांत सर्व्हरची जोडणी पूर्ण भरून गेल्यामुळे इतरांचे हात थांबतात, ते थांबत नाहीत. मर्यादा कोणाला घालायची हे ठरवताना कामाची निकड पाहावी असे मी म्हणतो ते यासाठी. सगळ्यांना सारखी मर्यादा म्हणजे न्याय, ही समजूत नेटवर्कच्या बाबतीत कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

पूर्ण पोर्टला मर्यादा घालणे जिथे जास्त होते, तिथे स्विचमधील नियमांचा पर्याय आहे, आणि या किमतीच्या स्विचमध्ये तो मिळणे ही विशेष गोष्ट आहे. पाकीट कोणत्या पोर्टवरून आले, त्याचा मॅक पत्ता, आयपी पत्ता, प्रोटोकॉल आणि पोर्ट क्रमांक पाहून जुळणाऱ्या वाहतुकीलाच दर लावता येतो. उदाहरणार्थ, एखाद्या संगणकावरून नॅसच्या आयपी पत्त्याकडे टीसीपी ४४५ वर जाणारी, म्हणजे विंडोजच्या शेअर्ड फोल्डरची वाहतूकच २०० एमबीपीएसवर रोखता येते आणि त्याच संगणकाची बाकीची सारी कामे मोकळी ठेवता येतात. हे नियमही चिपच पाळते. त्यांची एकूण संख्या मात्र १२८ एवढीच आहे, आणि नियमातला दर इन्ग्रेसचा असल्यामुळे त्याला पोलिसरचा खडबडीतपणा आहेच. तो सोसवायचा असेल तर हवा असलेल्या वेगापेक्षा किंमत थोडी वर ठेवावी आणि मोजून कमी करत यावी.

राउटरओएस जाणणाऱ्या कोणालाही इथे एक मोह होतो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन. राउटरओएसमधील सिंपल क्यू, पीसीक्यू आणि सातव्या आवृत्तीपासून आलेले एफक्यू-कोडेल व केक हे रांगांचे प्रकार चिपमधील शेपरपेक्षा कितीतरी पटीने बारकाईने काम करतात. प्रत्येक वापरणाऱ्याला आपोआप समान वाटा देणे, दिवसाच्या सुरुवातीला थोडा जास्त वेग देणे, हे सारे त्यात होते. पण या रांगा प्रोसेसर चालवतो. या स्विचवर पोर्ट एका ब्रिजमध्ये (पोर्टच्या गटात) हार्डवेअर ऑफलोडसह, म्हणजे काम चिपकडे सोपवून, जोडलेले असतात, तेव्हा आतली वाहतूक प्रोसेसरला दिसतच नाही, म्हणून सिंपल क्यू लिहिली तरी तिचा आकडा शून्यावरच राहतो. ऑफलोड बंद करून आणि ब्रिजच्या मांडणीत आयपी फायरवॉलचा वापर सुरू करून वाहतूक मुद्दाम प्रोसेसरकडे वळवता येते, परंतु मग चोवीस पोर्टची सारी वाहतूक ८०० मेगाहर्ट्झच्या एका गाभ्यावर येऊन पडते आणि ज्या स्विचला ४४ गिगाबिट पेलता येतात तो एका पोर्टचा पूर्ण वेगही पेलू शकत नाही. निरनिराळ्या विभागांना वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची आभासी स्वतंत्र नेटवर्क) देऊन त्यांच्यातील वाहतूक राउटिंगमधून नेली तरी याच प्रोसेसरवर येऊन थांबावे लागते. सातव्या आवृत्तीत राउटिंगही चिपकडे सोपवण्याची सोय आहे, पण ती सुरू केली की वाहतूक पुन्हा रांगांना वळसा घालून जाते. राउटर म्हणून वापरल्या जाणाऱ्या मायक्रोटिकवर फास्टट्रॅकचा, म्हणजे वाहतूक जवळच्या वाटेने नेणारा, नियम असेल तर तोही सिंपल क्यूला असाच टाळून जातो. थोडक्यात, बारीक वाटणी हवी असेल तर विभागांमधली वाहतूक पेलणारा वेगळा, ताकदवान राउटर घ्यावा, आणि या स्विचकडून चिपला जमते तेवढेच काम घ्यावे. ते काम तो चोख करतो.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली, स्विचमधील दर बिटमध्ये असतात आणि विंडोजची कॉपीची खिडकी बाइटमध्ये वेग दाखवते. ‘३००एम’ भरले आणि खिडकीत ३५ एमबी दिसले, तर मर्यादा बरोबर काम करत आहे. दुसरी, मर्यादा तपासण्यासाठी स्विचमधीलच बँडविड्थ टेस्ट वापरू नये, कारण ती प्रोसेसरवर चालते आणि तिचा निकाल चिपबद्दल काहीच सांगत नाही. दोन संगणकांवर आयपर्फ३ हे वेग मोजणारे साधन चालवावे, सरळ दिशेने एकदा आणि उलट दिशेचा पर्याय देऊन एकदा, म्हणजे पोलिसर आणि शेपर यांचा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. राउटरओएसचे ‘टॉर्च’ हे चालू वाहतूक दाखवणारे लाडके साधनही प्रोसेसरवरच चालते, म्हणून इथे उपयोगी पडत नाही. कोणते पोर्ट भरले आहे हे पोर्टच्या आकड्यांवरून कळते, पण ते कशाने भरले आहे हे पाहण्यासाठी पोर्ट मिररिंग करून (त्या पोर्टच्या वाहतुकीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवून) दुसऱ्या संगणकावर वायरशार्क हे पाकिटे तपासणारे सॉफ्टवेअर लावावे लागते. वाहतुकीचे चित्र एका पडद्यावर पाहण्याची सवय असलेल्यांना ही उणीव जाणवेल, आणि ती खरीच उणीव आहे.

स्विच कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत न येणाऱ्या वाहतुकीवर त्याचा काही अधिकार नसतो. आपल्याकडच्या कार्यालयांत भिंतीतले एकच पॉइंट चार टेबलांना पुरवण्यासाठी टेबलाखाली पाच पोर्टचा छोटा स्विच टाकण्याची पद्धत सर्रास आहे. त्या छोट्या स्विचवरचे दोन संगणक एकमेकांना फायली पाठवतात तेव्हा मुख्य स्विचला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि मुख्य स्विचवरच्या पोर्टला घातलेली मर्यादा मात्र त्या चौघांत मिळून वाटली जाते. मर्यादांचा विचार करण्याआधी शक्य तिथे थेट केबल ओढून हे छोटे स्विच काढावेत, असा माझा सल्ला आहे. वायफायचीही तीच गोष्ट आहे. ॲक्सेस पॉइंटच्या पोर्टवर लावलेली मर्यादा त्याला जोडलेल्या सर्वांची मिळून होते. मॅक पत्त्याचा नियम लिहून एका लॅपटॉपला वेगळे काढता येते, परंतु ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात आणि विंडोजमध्येही तशी सोय आहे, त्यामुळे अशा नियमावर फार विसंबू नये. वायफायच्या ग्राहकांना मर्यादा घालायची असेल तर ती ॲक्सेस पॉइंटच्या व्यवस्थापनातूनच घालणे योग्य. तिथून जाणारी सारी वाहतूक, आतली असो की बाहेरची, त्या मर्यादेत येते.

टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई हा आठ पोर्टचा स्वस्त स्मार्ट स्विचही पोर्टनिहाय दोन्ही दिशांची मर्यादा देतो आणि त्याचे वेब पान कोणालाही सहज समजते. सहा-सात संगणकांच्या कार्यालयाला, जिथे फक्त एका नॅसला लगाम घालायचा आहे, तिथे मी सीआरएस३२६ सुचवणार नाही. वाहतूक ओळखून दर लावण्याचे नियम, १० गिगाबिटचे पोर्ट आणि पुढे सांगितलेली वेळापत्रकाची सोय ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठीच जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. याहून सोपा उपाय म्हणजे पोर्टचा वेग १०० एमबीपीएसवर बांधून टाकणे. तो अनेक जण करतात आणि छपाईयंत्रासारख्या उपकरणाला तो पुरतोही, पण त्यात १०० आणि १००० यांच्यामधली कोणतीही किंमत मिळत नाही आणि दोन्ही दिशांना एकदमच मर्यादा बसते.

कशाला मर्यादा घालू नये हेही सांगितले पाहिजे. सीसीटीव्हीचे कॅमेरे नेटवर्क खातात असा समज आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस वापरतो, म्हणजे सोळा कॅमेरे मिळून ६४ एमबीपीएस होतात. हा गिगाबिटचा किरकोळ भाग आहे, आणि त्यांच्या पोर्टवर घट्ट मर्यादा घातली तर चित्रणातली क्षणचित्रे गळतात. आयपी फोनच्या एका संभाषणाला जी.७११ कोडेकवर प्रत्येक दिशेला ९० केबीपीएसहूनही कमी लागते. त्याला मर्यादेचा काही उपयोग नाही. त्याला प्राधान्य हवे असते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला किंवा रिमोट डेस्कटॉपला वेग थोडाच लागतो, पण उशीर सहन होत नाही. म्हणून त्यांच्या पोर्टवर काही न लावता, त्यांची वाट अडवणाऱ्या मोठ्या कॉपीवरच लक्ष ठेवावे.

मर्यादेपेक्षा रस्ता रुंद करणे कधीकधी जास्त शहाणपणाचे असते, आणि हा स्विच ती संधीही देतो. फाइल सर्व्हरमध्ये १० गिगाबिटचे कार्ड घालून तो एसएफपी+ पोर्टला जोडला की कोणताही एक गिगाबिटचा संगणक एकट्याने सर्व्हरची जोडणी भरू शकत नाही. तरीही मर्यादांची गरज पूर्णपणे संपत नाही, कारण मग कोंडी डिस्कवर सरकते. फिरत्या हार्ड डिस्कचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या आसपास असतो आणि दोघातिघांनी एकदम वेगवेगळ्या फायली मागितल्या की तो झपाट्याने घसरतो. बॅकअपच्या पोर्टवरची मर्यादा डिस्कलाही श्वास घेऊ देते. शिवाय दहा गिगाबिटच्या सर्व्हरकडून एक गिगाबिटच्या संगणकाकडे डेटा येताना स्विचच्या मेमरीत पाकिटे साठावी लागतात, आणि या वर्गातील स्विचमध्ये ती मेमरी तुटपुंजीच असते, म्हणून सर्व्हर जलद झाला की सगळे जलद होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

जिथे एकाच कामाचा त्रास आहे तिथे ते काम करणाऱ्या सॉफ्टवेअरलाच मर्यादा घालणे सर्वांत स्वच्छ होय. रोबोकॉपीमध्ये पाकिटांमधला अवकाश वाढवण्याचा पर्याय आहे, आरसिंकमध्ये बँडविड्थची मर्यादा थेट देता येते, विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून संगणकाबाहेर जाणाऱ्या वाहतुकीला दर लावता येतो. पाठवणारा संगणक आपणहून सावकाश पाठवतो तेव्हा पाकिटे टाकून देण्याची वेळच येत नाही, आणि पोलिसरचा प्रश्नच उरत नाही. स्विचवरची मर्यादा यासाठी हवी की प्रत्येक संगणकावर जाऊन ही मांडणी करणे आणि ती तशीच टिकवणे मोठ्या कार्यालयात शक्य होत नाही, आणि पाहुणा म्हणून आलेल्या लॅपटॉपवर तर आपला हक्कही नसतो.

हाताळणीबद्दल. हा स्विच राउटरओएस किंवा स्विचओएस यांपैकी कोणत्याही प्रणालीवर सुरू करता येतो. स्विचओएसचे वेब पान आटोपशीर आहे आणि पोर्टनिहाय दर त्यातही भरता येतात, म्हणून ज्यांना तेवढेच हवे आहे त्यांनी तेच वापरावे. राउटरओएस शिकायला वेळ लागतो आणि त्यातील शब्दसंपदा सुरुवातीला अंगावर येते. तिच्यातील सेफ मोड मात्र मला अत्यंत आवडतो: तो सुरू करून बदल करताना जोडणी तुटली तर स्विच ते सारे बदल आपोआप मागे घेतो, त्यामुळे दुरून काम करताना स्वतःलाच बाहेर ठेवून बसण्याची भीती राहत नाही.

राउटरओएस निवडण्याचे माझे खरे कारण तिचे वेळापत्रक आहे. सकाळी साडेनऊला बॅकअपच्या पोर्टवर ४०० एमबीपीएसची मर्यादा लागावी आणि रात्री आठला ती उठावी, असे दोन छोटे आदेश नेमून दिले की माणसाला त्यात पडावे लागत नाही. रात्रीचा पूर्ण बॅकअप मोकळ्या रस्त्याने जातो आणि दिवसाचे काम अडत नाही. यात एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. या स्विचमधील घड्याळाला बॅटरीचा आधार नाही, त्यामुळे वीज जाऊन आली की ते चुकीच्या वेळेपासून सुरू होते आणि एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) खरी वेळ मिळेपर्यंत चुकीचेच राहते. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि ती परत आल्यावर इंटरनेट सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. म्हणून एनटीपीचा सर्व्हर नेमावाच, शिवाय स्विच सुरू होताच दिवसाची मर्यादा लावणारा तिसरा आदेशही ठेवावा, म्हणजे घड्याळ काहीही दाखवत असले तरी कामाच्या वेळेत बॅकअपचे पोर्ट मोकळे सुटणार नाही.